इलस्ट्रेटर, इंकस्केपसाठी खरंच कामाला येणारे प्लगइन कोणते?

तुम्ही विचारलंय की वर्षभर इलस्ट्रेटर वापरताय, अधूनमधून इंकस्केप पण (दोन्ही व्हेक्टर, म्हणजे रेषा-आकारांची चित्रं काढायची सॉफ्टवेअर), तर आता प्लगइन, म्हणजे त्यांना नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम, घ्यायचे झाले तर कुठले, आणि पैसे घालण्याइतका फरक पडतो का. मी बरीच वर्षं लोगो, आयकॉन आणि कटिंगच्या फाइली बनवतेय, त्यामुळे जे स्वतः वापरलंय त्यावरूनच सांगते.

प्लगइनच्या याद्या बघायच्या आधी आठवडाभर काम करताना फक्त लक्ष ठेवा की वेळ नेमका कुठे जातोय. मला वाटायचं माझा वेळ इफेक्ट आणि रंगांमध्ये जातो, पण निघालं भलतंच, निम्म्याहून जास्त वेळ नुसते अँकर पॉइंट, म्हणजे रेषेचा आकार ठरवणारे बिंदू, साफ करण्यात जात होता. एकदा मी एक हाताने काढलेला लोगो स्कॅन करून ऑटो ट्रेस मारला (चित्रावरून आपोआप व्हेक्टर रेषा काढायची सोय), स्क्रीनवर एकदम गुळगुळीत दिसत होता म्हणून तसाच व्हिनाइल कटिंगला पाठवला, आणि कटर प्रत्येक वळणावर अडखळायला लागला कारण एकेका अक्षराला शंभरच्या वर पॉइंट पडले होते. कडा खडबडीत आल्या आणि सगळं परत करावं लागलं. आख्ख्या गोलाला इलस्ट्रेटर चारच पॉइंट देतं हे लक्षात घेतलं की ट्रेस किती कचरा टाकतो ते कळतं.

म्हणून माझ्या मते पैसे घालून घ्यावा असा पहिला प्लगइन म्हणजे अ‍ॅस्ट्यूट ग्राफिक्सचा व्हेक्टरस्क्राइब. त्यातला स्मार्ट रिमूव्ह ब्रश नुसता पाथवरून, म्हणजे काढलेल्या रेषेवरून, फिरवायचा, फालतू पॉइंट निघून जातात आणि आकार जवळपास तसाच राहतो. आता तुम्ही म्हणाल इलस्ट्रेटरमध्ये पॉइंट कमी करणारं सिम्प्लिफाय आहेच की, आणि बरोबर आहे, २०२० च्या व्हर्जनपासून ते चांगलंच सुधारलंय, आधी तेच वापरून बघा. फरक इतकाच की सिम्प्लिफाय सगळ्या पाथला एकाच मापाने लागतं, त्यामुळे वळण बरोबर आलं की कुठलातरी बारीक कोपरा मऊ होतो, कोपरा वाचवावा तर वळणावर पॉइंट राहतात. कोपऱ्याच्या कोनाची मर्यादा त्यात सेट करता येते पण तरी मधेच कुठेतरी तडजोड होतेच. ब्रशने हवं तिथेच साफ करता येतं, आणि लोगोच्या कामात मला तेच लागतं.

अडचण अशी की हे लोक सगळे प्लगइन एकत्र वार्षिक सबस्क्रिप्शनवर देतात, सुटा एक घेता येत नाही. त्याच संचात कोलायडरस्क्राइब आहे, आकार एकमेकांना नेमके टेकवून बसवायला, आणि फँटाझम आहे, व्हेक्टरवर थेट लेव्हल्स, कर्व्हज (उजेड-रंग कमीजास्त करायला) आणि हाफटोन (ठिपक्यांनी छटा दाखवायला) लावायला. हाफटोन नेहमी लागत असेल तर फँटाझम फार आवडेल. पण महिन्यातून एखादाच लोगो करत असाल तर सबस्क्रिप्शन घेऊ नका, अजिबात परवडत नाही, सिम्प्लिफाय आणि हाताने पेन टूल यावर भागतं.

त्यापेक्षा फुकटात जास्त फायदा स्क्रिप्टचा, म्हणजे तेच तेच काम आपोआप करणाऱ्या छोट्या कोडच्या फाइलींचा, होतो आणि लोक नेमकं तिकडेच बघत नाहीत. इलस्ट्रेटरच्या जावास्क्रिप्ट स्क्रिप्ट गिटहबवर ढिगाने आहेत, लेयरची नावं एकदम बदलणारी, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा आर्टबोर्ड (कामाचं पान) करणारी, सगळे आर्टबोर्ड वेगवेगळ्या पीडीएफमध्ये काढणारी. फाइल मेनूत स्क्रिप्ट्समध्ये जाऊन अदर स्क्रिप्ट म्हणायचं, फाइल निवडायची, झालं. रोज लागणाऱ्या स्क्रिप्ट प्रीसेट्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टाकून इलस्ट्रेटर बंद करून उघडा, मेनूतच दिसतात. साठ आयकॉन एकेक करून एक्स्पोर्ट करायचा कंटाळा मी किती वर्षं उगाच सोसला याचं आता खरंच वाईट वाटतं. फक्त अनोळखी स्क्रिप्ट आधी फाइलच्या कॉपीवर चालवा.

इंकस्केपमध्ये तर एक्स्टेंशन (त्याचे प्लगइनच) बहुतेक पायथॉनमध्येच लिहिलेली असतात, थोडं कोडिंग येत असेल तर आपल्याला हवं तसं बदलून घेता येतं. २०२० मध्ये १.० आलं तेव्हा ती सगळी पायथॉन ३ वर गेली, त्यामुळे त्याच्या आधीची जुनी एक्स्टेंशन उतरवलीत तर चालायची शक्यता कमी, तारीख बघूनच घ्या. यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते इंक/स्टिच, मशीन एम्ब्रॉयडरीसाठी, पाथवरून टाके बनवतं, टाक्यांची घनता, खालचा आधाराचा थर सगळं ठरवता येतं आणि मशीनला लागणारी डीएसटी, पीईएस फाइल देतं, तेही पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. गणिताची समीकरणं टाकायची असतील तर टेक्सटेक्स्ट आहे. पॉइंट साफ करायला इंकस्केपला वेगळं काही लागत नाही, कंट्रोल एल आहे, म्हणजे त्याचं सिम्प्लिफाय, फक्त ते लागोपाठ दाबलं की दर वेळी जास्त जोरात लागतं, तर जरा थांबून थांबून दाबा.

अक्षरं काढायची आवड असेल तर फाँटसेल्फ बघा. इलस्ट्रेटरमध्ये काढलेली अक्षरं पॅनेलवर ओढून टाकायची आणि ओटीएफ फाँट तयार.

वेबसाठी एसव्हीजी (वेबवर चालणारी व्हेक्टर फाइल) देत असाल तर ती फाइल लहान करणारं एसव्हीजीओ पाहिजेच. कमांड लाइन जमत नसेल तर त्याचंच ब्राउझरमध्ये चालणारं एसव्हीजीओएमजी आहे, सेटिंग बदललं की चित्र कसं दिसतं आणि साइज किती कमी झाली ते समोरच कळतं. दोन गोष्टी जपा, व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट सांगणारी फाइलमधली नोंद) काढू देऊ नका नाहीतर आयकॉन लहानमोठा करताना नीट बसत नाही, आणि डेव्हलपर आयडी (फाइलमध्ये आकारांना दिलेली नावं) वापरून ॲनिमेशन करणार असेल तर आयडी साफ करण्याचा पर्याय बंद ठेवा. हे दोन्ही मी विसरलेय आणि दोन्ही वेळा समोरच्याचा दिवस गेलाय.

अजून एक, हे घेण्याच्या आधीच माहीत असू द्या. प्लगइनचा लाइव्ह इफेक्ट (नंतरही बदलता येणारा) लावलेली फाइल ज्याच्याकडे तो प्लगइन नाही त्याने उघडली तर त्याला तो इफेक्ट बदलता येत नाही, म्हणून दुसऱ्याला फाइल देताना नेहमी एक एक्स्पांड केलेली, म्हणजे इफेक्टचे साधे आकार करून टाकलेली, कॉपी वेगळी सेव्ह करून तीच द्या, मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. आणि इलस्ट्रेटरचं मोठं अपडेट आलं की लगेच मारू नका, प्लगइनवाल्यांनी त्या व्हर्जनला सपोर्ट दिलाय का ते आधी बघा. हातात अर्धवट काम असताना तर मी अपडेटला हातच लावत नाही.

तुम्ही मुख्यतः छपाईचं करता, वेबचं की कटिंगचं ते कमेंटमध्ये लिहिलंत तर अजून नेमकं सांगता येईल.