विवेकवादी चर्चागटात टीका केली की भांडण होतं आणि जुन्यांच्या विनोदांनी नवे पळतात. ॲडमिननं नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला व्हॉट्सॲपवर विवेकवादी चर्चेचा गट आहे, 180च्या आसपास माणसं. ॲडमिन दोन, आणि दोघंही हिरीरीनं वाद घालणारे. नवा माणूस दोन-तीन पोस्ट टाकतो, चार विनोद झेलतो आणि गप्प होतो. श्रद्धाळू पोस्ट किती कडकपणे काढाव्यात, असं तुम्ही विचारलंय.

मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करेन. कात्री आधी आपल्याच बाजूच्या पोस्टवर चालवा. राशिभविष्याचा फॉरवर्ड काढायला अक्कल लागत नाही, आणि तो राहिला तरी तुमच्या गटात त्यावर विश्वास ठेवणारे किती? गट सडतो तो सगळ्यांना आवडणाऱ्या चुकीच्या पोस्टमुळं.

उन्हाळ्यात बोअर पाडायचे दिवस आले की कुणीतरी लिहितंच, ‘पाणाड्यांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे दाखल करा.’ (पाणाडे म्हणजे नारळ किंवा काठी घेऊन जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारे.) खाली अंगठ्यांची रांग लागते. कायदा उघडून कुणी बघत नाही. 2013च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरणाऱ्या ठरावीक 12 बाबी आहेत. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीतल्या पाण्याबद्दल पाणाड्यानं दिलेला सल्ला हे सगळं तर कायद्यातच नावानिशी वगळलेलं आहे. म्हणजे पोस्ट सपशेल चूक. ती तशीच राहते, आणि त्याच संध्याकाळी साडेसातीबद्दल विचारणाऱ्यावर दहाजण तुटून पडतात. नवखा माणूस हे बघतो आणि समजायचं ते समजतो: इथं पुरावा फक्त परक्याकडं मागतात.

म्हणून पहिला नियम अवतरणांचा. कुणाच्याही नावानं वाक्य टाकलं तर पुस्तक किंवा भाषण, साल आणि पान द्यायचं. फुले, बाबासाहेब, आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर, आइनस्टाइन यांच्या तोंडी काहीही घातलेलं आपल्या लोकांना चालतं, कारण वाक्य गोड असतं. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं राज्य सरकारनं खंडांमध्ये छापलेली आहेत, त्यामुळं शोधायला जागा नाही ही सबब टिकत नाही. मुदत 24 तास. संदर्भ आला नाही तर पोस्ट काढायची, लिहिणारा गटाचा संस्थापक असला तरी. मुदत यापेक्षा फार लांबवू नका, कारण ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायची सोय व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसच असते.

आता टीका. आपल्याकडं न्यायदर्शनात चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केलेले आहेत. वाद सत्य कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडत राहणं. विवेकवादी गटांत वितंडा फार माजतो, कारण तो हुशारीसारखा दिसतो. त्यावर उपाय पूर्वपक्षाचा. टीका करणाऱ्यानं आधी समोरच्याचं म्हणणं दोन-तीन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि त्याचं ‘हो, हेच म्हणतोय’ आल्यावरच पुढं जायचं. मग अख्ख्या पोस्टवर न घसरता ज्या वाक्यावर आक्षेप आहे ते वाक्य उचलायचं. शेवटी एक ओळ सक्तीची: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन. ही ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याची टीका बहुतेक वेळा वितंडाच असते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? कुणी लिहिलं, ‘आमच्या शेतात पाणाड्यानं दाखवलं तिथंच पाणी लागलं.’ वाईट उत्तर म्हणजे नारळाचं स्टिकर आणि खाली हसणारे दहा चेहरे. चांगलं उत्तर आधी विचारतं की त्याच पाणाड्यानं दाखवलेले किती बोअर कोरडे गेले. मग सांगतं की मराठवाड्याचा बहुतेक भाग बसाल्ट खडकाचा आहे, पाणी वरच्या मुरुमाच्या थरात आणि खालच्या भेगांत असतं. त्यामुळं बऱ्याच ठिकाणी कुठंही पाडलं तरी थोडंफार लागतं आणि बऱ्याच ठिकाणी कितीही खोल गेलं तरी नुसती धूळ उडते. एका यशावरून माणसाची विद्या ठरत नाही.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर चाचणी सुचवा. एक झाकलेला ड्रम आणि दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीआधी एकानं नाणं उडवायचं, छापा आला तर ड्रम भरायचा, काटा आला तर रिकामा ठेवायचा, नोंद करून झाकायचं आणि पाणाड्या येण्याआधी तिथून निघून जायचं. पाणाड्यासोबत जो उभा राहील त्याला उत्तर माहीत असता कामा नये, नाहीतर चेहराच उत्तर देतो. नुसत्या अंदाजानंसुद्धा दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 1024 मध्ये 56 आहे, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. नऊ किंवा जास्तची 1024 मध्ये 11. म्हणून ‘नऊ आले तर मान्य’ असं आधीच कागदावर ठरवायचं आणि दोघांनी सही करायची. जर्मनीत कासेलला 1990 साली 30 पाणाड्यांची याच धर्तीवर चाचणी झाली होती, जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही हे ओळखायचं होतं. निकाल अंदाजाइतकाच लागला.

मराठवाड्यातल्या गटांची एक खास अडचण इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. गटात ‘सर’ असतात, आणि अर्धे सदस्य कधीकाळी त्यांच्या वर्गात बसलेले असतात. सरांनी चुकीचा आकडा टाकला तरी खाली ‘खूप छान सर’ आणि जोडलेले हात. विद्यार्थ्यानं चूक दाखवली तर तो उर्मट ठरतो, आणि ही गोष्ट गावभर होते. यावर दोन गोष्टी लागू पडतात. आक्षेप ॲडमिनकडं खासगीत पाठवायचा आणि ॲडमिननं तो नाव न घालता गटात टाकायचा. शिवाय महिन्यातून एकदा विरोधाची पाळी: एका ज्येष्ठाचं आवडतं मत घ्यायचं आणि त्याविरुद्ध बोलायचं काम चिठ्ठी टाकून कुणाला तरी द्यायचं. चिठ्ठीनं आलेला विरोध कुणी मनाला लावून घेत नाही. सरांनी स्वतः पहिली पाळी मागून घेतली तर निम्मं काम झालं.

विनोद बंद करू नका, गटाला जीव त्यांच्यामुळंच असतो. फक्त विनोदाला उत्तराची जागा देऊ नका. प्रश्नाखाली नुसतं स्टिकर आलं की ते काढायचं. युक्तिवादासोबत आलं तर राहू द्यायचं. कुणाच्याही पहिल्या काही पोस्टवर आतला विनोद नाही. विचारलं तर अर्थ एका ओळीत सांगायची जबाबदारी विनोद करणाऱ्याची, आणि नेहमीचे आठ-दहा विनोद अर्थासकट पिन केलेल्या संदेशात ठेवायचे (पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते, पुन्हा लावावी लागते). कुणाच्या बोलीवर, गावावर, आडनावावर विनोद झाला की तो त्याच दिवशी काढायचा. ‘काय करायलास’ लिहिणाऱ्याला हसणारे विवेकवादी मला तरी परवडत नाहीत. ‘अंधभक्त’ हा शब्दही मी याच खात्यात टाकतो. त्यानं युक्तिवाद पुढं सरकत नाही, बोलणाऱ्याची फक्त टोळी कळते.

चोरून डिलीट करायच्या मोहात पडू नका. ‘लेसराँग’ या संकेतस्थळावरच्या इंग्रजी विवेकवादी मंडळींचं उदाहरण यावर बोलकं आहे. 2010 साली तिथं रोको नावानं लिहिणाऱ्या एकानं विचार मांडला, की भविष्यातली अतिबुद्धिमान यंत्रणा तिच्या निर्मितीला मदत न करणाऱ्यांना शिक्षा देऊ शकेल. संस्थापक एलिझर युडकाउस्की यांनी पोस्ट काढून टाकली आणि पुढं कित्येक वर्षं त्या विषयावर बोलायला बंदी राहिली. कल्पना कच्ची होती. उघड टीका झाली असती तर तिथंच संपली असती. झालं उलटंच: बंदीमुळं ती जगभर पोचली आणि बाहेरच्यांना त्या मंडळींची टर उडवायला कायमचा विनोद मिळाला.

म्हणून ॲडमिन तीन ठेवा, आणि जो वादात उतरला त्यानं त्या वादात काहीही काढायचं नाही, तिसऱ्यानं बघायचं. काढताना नियमाचा क्रमांक गटात लिहायचा, आणि एका सामायिक शीटमध्ये तारीख, नियम आणि कुणी काढलं एवढी नोंद ठेवायची. पहिल्या वेळी खासगीत सांगणं, दुसऱ्या वेळी गटात, तिसऱ्या वेळी सात दिवस बाहेर आणि परत घेण्याची तारीख आधीच सांगून. भांडण पेटलं तर सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन’ करून सकाळपर्यंत थांबवा. रात्री अकरानंतरच्या वादातून शहाणपण निघाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मोठ्या व्हॉइस नोट नकोत, त्यातलं वाक्य उचलून दाखवता येत नाही.

कायद्याची भीती तुम्ही ओझरती लिहिलीय. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 साली स्पष्ट केलंय, की दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन असल्यामुळं कुणी दोषी ठरत नाही. समान हेतू दिसावा लागतो. पण लिहिणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 299 लागू शकतं: हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. देवाच्या अस्तित्वावर युक्तिवाद करणं वेगळं आणि देवाचं विद्रूप चित्र फॉरवर्ड करणं वेगळं, हा फरक नियमांत सरळ लिहून टाका.

नियम लागू करताना पहिले दोन महिने जुने सदस्य कुरकुरतील, कारण कात्री जास्त त्यांच्यावरच चालेल. आणि शीट सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा, पण बदल करायचा हक्क ॲडमिनपुरताच, नाहीतर त्या शीटवरच दुसरं भांडण सुरू होतं.