वेब होस्टिंगच्या प्लॅनमध्ये पाच माणसं जोडली तर खरंच घरबसल्या कमाई होते का? आणि हे कायदेशीर आहे का?

नाही होत. घेऊ नकोस तो प्लॅन.

तू लिहिलंयस की रूममेटचा सिनिअर तुला महिन्याला ८०० रुपयांची होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) घ्यायला सांगतोय. तू पाच जण जोडायचे, त्यांनी प्रत्येकी पाच, आणि पाच लेव्हलपर्यंत प्रत्येकाच्या हप्त्यातले दहा टक्के तुझे. शेवटी म्हणतोस, "प्रॉडक्ट तर खरं आहे, मग फसवणूक कुठे?" कॉलेजातला दिसतोस म्हणून अरे-तुरे करते. हे "प्रॉडक्ट तर खरं आहे" मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय, की आज सगळं लिहूनच टाकते.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते आणि लहान दुकानदारांच्या वेबसाइट बनवून सांभाळते. होस्टिंग हाच माझा धंदा आहे. रविवार पेठेतले भांडीवाले, बिबवेवाडीतल्या क्लासच्या बाई, हडपसरचे पंपवाले अशी माझी गिऱ्हाइकं. रात्री अकराला फोन येतो, "ताई, साइट उघडत नाहीये." मी उठते आणि बघते. होस्टिंग म्हणजे हेच काम. सर्व्हरवरची जागा कुणीही विकेल. बंद पडल्यावर फोन कोण उचलतो, बॅकअप कोण ठेवतो, याचे पैसे असतात. मला या कामाचा अभिमान आहे आणि त्यावर कुणी "वहिनी, तुम्ही एकेका गिऱ्हाइकामागे पळता, आम्ही सिस्टीम उभी करतो" असं म्हटलं की लागतं.

म्हणणारे माझे धाकटे दीर. चाकणला चांगल्या कंपनीत नोकरी, माणूस कष्टाळू, व्यसन नाही. ऑफिसातल्या एकाने त्यांना डेक्कनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवारच्या मीटिंगला नेलं आणि तिथून ते टाय लावून परत आले. परदेशातली होस्टिंग कंपनी, आकडे तुझ्या प्लॅनपेक्षा थोडे वेगळे, चाल अगदी तीच. मग "ओळखीच्या शंभर लोकांची यादी करा" आलं, "निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा" आलं. त्या निगेटिव्ह लोकांत पहिलं नाव माझं होतं, कारण घरात होस्टिंग कळणारी मी एकटीच. गौरीजेवणाला सगळे नातेवाईक जमलेले असताना भावजींनी वहीच्या पानावर गोल काढून प्लॅन समजावला. मी एवढंच विचारलं, "भावजी, कमिशन काढून टाकलं तर ही होस्टिंग या किमतीला कोण घेईल?" उत्तर आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी वाद नको. वाद तिथेच थांबला, आयडी लावणं, म्हणजे नवे सभासद करणं, थांबलं नाही.

भावजींच्या त्या शंभर जणांच्या यादीत माझ्या सासऱ्यांचे मित्र होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. शुक्रवार पेठेत त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. नानांना वेबसाइट खरोखर हवी होती. पत्रिकांचे नमुने बाहेरगावच्या लोकांना दाखवायचे होते. भावजींनी सांगितलं, "नाना, एक आयडी लावा, वेबसाइट त्यातच मिळते, आणि चार लोक जोडलेत तर हप्ताही सुटेल." नानांनी कंपनी बघितली नाही, आमचं आडनाव बघितलं. आणि साइट बनवून द्यायला मलाच सांगितलं. नानांना नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. मी पैसे न घेता नमुने चढवून दिले. त्या निमित्ताने मला ते पॅनेल, म्हणजे साइट सांभाळायचं कंपनीचं पान, आतून बघायला मिळालं, आणि मी जे सांगतेय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

लॉगिन केलं की समोर पहिलं काय दिसावं? साइटच्या फाइली? ईमेल? नाही. डाउनलाइनचं झाड. कुणाखाली कोण, कुणाचा हप्ता थकला, आपली लिंक, ती पाठवायला तयार मजकूर. होस्टिंग एका कोपऱ्यात. मोजके साचे, पाच-दहा ईमेल खाती, एफटीपी (स्वतः फाइली चढवायची सोय) नाही, नेमसर्व्हर बदलून साइट दुसऱ्या कंपनीकडे वळवायची सोय नाही. आणि हूइज (डोमेनची सार्वजनिक नोंद) काढून बघितलं तर डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, मालक म्हणून नानांचं नाव नाही, कंपनीचं नाव. पैसे नानांचे, नाव नानांच्या दुकानाचं, मालकी दुसऱ्याची. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकाचंही डोमेन मी माझ्या नावावर घेत नाही. उद्या त्यांनी मला सोडलं तर त्यांचं नाव त्यांच्याबरोबर गेलं पाहिजे.

भावजींनी कौतुकाने आपलं झाड मला उघडून दाखवलं होतं. मी त्यातल्या साइट एकेक करून उघडल्या. प्रत्येकीवर तेच पान, तोच "आर्थिक स्वातंत्र्य" असा मथळा, फक्त लिंकच्या शेवटी आयडी वेगळी. होस्टिंग घेणाऱ्यांच्या साइटवर होस्टिंग घ्यायचं आमंत्रण, दुसरं काही नाही. विकायला वस्तू असलेली साइट त्या सगळ्यात नानांची एकटी. तुझ्या "प्रॉडक्ट खरं आहे" याचं उत्तर इथे आहे. प्रॉडक्ट असतं रे, सर्व्हर चालू असतो, पान उघडतं. पण ते घेणाऱ्याला वेबसाइट नको असते, त्याला झाडात जागा हवी असते. वेबसाइट म्हणजे त्या जागेची पावती.

मग नानांचे मेल पोहोचेनासे झाले. कोटेशन पाठवलं की परत यायचं, नाहीतर समोरच्याच्या स्पॅममध्ये जायचं. पार्टी म्हणायची, नाना, तुम्ही भाव कळवलाच नाहीत. ऐन लग्नसराईत. मी परत आलेला मेल वाचला तर ५५० चा नकार (समोरच्या सर्व्हरने मेल घेतलाच नाही), आयपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, ब्लॅकलिस्टमध्ये. कारण उघड आहे. शेअर्ड होस्टिंगमध्ये शेकडो खाती एकाच आयपीवरून मेल पाठवतात. बाकीचे सगळे सभासद त्या आयपीवरून दिवसरात्र "घरबसल्या कमवा" पाठवत होते. मेल घेणारे सर्व्हर माणूस ओळखत नाहीत, आयपी ओळखतात. चांगली होस्टिंग कंपनी असा मेल पाठवणाऱ्याचं खातं बंद करते. इथे तोच पाठवणारा कंपनीचा विक्रेता! त्याला कोण बंद करणार?

नानांनी हप्ता थांबवला. महिन्याभरात साइट बंद. डोमेन दुसरीकडे न्यायला ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त कोड) लागतो. मी नानांच्या वतीने मागितला तर उत्तर आलं, आधी थकलेला हप्ता भरा आणि सभासदत्व चालू ठेवा. नाना जुन्या वळणाचे, चिडून म्हणाले, एक पैसा देणार नाही. मुदत संपल्यावर नाव गेलं. आता ते उघडलं की जाहिरातींचं पान येतं. तुला माहीत असेल, लग्नपत्रिकेच्या मागे खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं. ज्या ज्या पत्रिका त्या काळात घरोघर गेल्या, त्या सगळ्यांवर साइटचा तो जुना पत्ता होता. मी नानांना त्यांच्या स्वतःच्या नावावर डॉट इन घेऊन दिलं, साइट पुन्हा उभी केली, ती आजही चालते. पण नाना आमच्याकडे पूर्वीसारखे येत नाहीत. सासऱ्यांना ते बोलून दाखवता येत नाही.

आता पैशांचं, कारण तू तेच विचारलं होतंस. ८०० चे दहा टक्के ८०. म्हणजे स्वतःचा हप्ता निघायला तुझ्याखाली दहा भरणारी माणसं हवीत. सिनिअरचं चित्र पूर्ण उतरलं असं धर. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस, एकतीसशे पंचवीस. मिळून ३,९०५ माणसं, तुझे महिन्याला ३,१२,४०० रुपये. हाच आकडा तुला दाखवला असणार. त्याच चित्रात बाकीच्यांकडे बघ. सगळ्यात खालचे ३,१२५, त्यांच्याखाली कुणी नाही, मिळकत शून्य. त्यांच्या वरचे ६२५, प्रत्येकाखाली पाच, मिळकत ४००, भरणा ८००. हे दोन थर तोट्यात, आणि ते मिळून ३,७५०. तुला धरून ३,९०६ पैकी. शंभरात शहाण्णव. कुणी हप्ता चुकवला नाही, कुणी सोडून गेलं नाही, प्रत्येकाने सांगितल्याप्रमाणे पाच आणले, तरीही शहाण्णव तोट्यात. पुढचा थर भरला तर त्यातले फक्त वरचे ६२५ नफ्यात येतात आणि तोट्यातले एकूण पाचपट होतात. असं करत दहाव्या थराला एकट्या त्या थरात ९७,६५,६२५ माणसं हवीत. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. तान्ही बाळं धरून.

आणि घेऊन तरी काय मिळतं? ८०० प्रमाणे वर्षाचे ९,६००. लहान दुकानाला डॉट इन डोमेन साधारण हजाराच्या आत आणि साधी शेअर्ड होस्टिंग दोन-तीन हजारांत वर्षभर मिळते. वरचे पैसे कमिशनचे आहेत, होस्टिंगचे नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा आहे. त्यात माणसं जोडण्यावर पैसे देणारी अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तीत सभासद होणं आणि भाग घेणंही मना आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तू ज्या पाच मित्रांच्या आयडी लावशील, त्यांच्यापुढे तू उभा असशील, कंपनी नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ ला डायरेक्ट सेलिंगचे (दुकानाशिवाय थेट ग्राहकाला विकण्याचे) नियम आले. त्यांत डायरेक्ट सेलिंगच्या नावाखाली पिरॅमिड योजना चालवायला आणि तीत माणसं घ्यायला बंदी आहे, आणि भारतात स्थापन न झालेल्या पण इथल्या ग्राहकांना विकणाऱ्या कंपन्यांनाही ते नियम लागू आहेत. तुझी ती अमुक कंपनी यात बसते की नाही, हे तिचे कागद बघून वकील सांगेल, मी वकील नाही.

हेही सांगायला हवं की सगळं अ‍ॅफिलिएट म्हणजे लबाडी नाही. कित्येक चांगल्या होस्टिंग कंपन्या एका विक्रीमागे एकदाच कमिशन देतात. तू ब्लॉग लिहिलास, कुणी तुझ्या लिंकवरून होस्टिंग घेतली, तुला पैसे मिळाले, विषय संपला. त्यात तुला स्वतः काही विकत घ्यावं लागत नाही आणि घेणारा तुझ्याखाली लागत नाही. पहिल्या वर्षाला स्वस्त देऊन पुढच्या नूतनीकरणाला कंपनी जास्त घेते, म्हणून तिला ते कमिशन परवडतं. हे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावं. मी स्वतः होस्टिंग विकते, त्यामुळे माझाही यात स्वार्थ आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पण तुझं घर माझ्याकडून काहीच घेणार नाहीये आणि तरी मी हेच सांगतेय.

सिनिअरला एक काम सांग. कमाई दाखवताना स्क्रीनशॉट नको म्हणावं, वर्षभराचं बँक स्टेटमेंट दाखव, ज्यात आलेलं कमिशन आणि गेलेला हप्ता दोन्ही दिसतील. कंपनी भारतातली असेल तर ठरावीक मर्यादेपुढच्या कमिशनवर टीडीएस कापलाच जातो आणि तो आयकर खात्याच्या विवरणात दिसतो. भावजींकडे मी हे मागितलं होतं. "वहिनी, तुम्हाला घरच्या माणसावर विश्वास नाही का?" एवढंच मिळालं. तुलाही "मित्रावर विश्वास नाही का" ऐकावं लागेल. तेव्हा गप्प बसू नकोस, कागद माग.

भावजींची आयडी केव्हाच बंद झाली. त्यांनी नानांना हप्ते परत द्यावेत असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे, कंपनी चुकीची निघाली, कन्सेप्ट चांगला होता. वरच्या शहाण्णवच्या हिशेबात मी कुठल्याच कंपनीचं नाव धरलेलं नाही, भावजी. त्यात फक्त पाच, दहा टक्के आणि ८०० आहेत. कुठली बेरीज चुकली ते दाखवा, मी हे उत्तर काढून टाकते.