आधी खराटा धर

सप्रेम आशीर्वाद.

'काका, मला शिंतो स्वीकारायचाय, नाव कुठे नोंदवू?' या तुझ्या वाक्याचं हसू आलं. टोकियोत नवा होतो तेव्हा मीही हेच विचारत फिरायचो. शिंतो हा जपानचा मूळचा धर्म, पण इथे दीक्षा नाही, श्रद्धेची शपथ नाही. देवळाच्या दाराशी तोरीच्या कमानीपाशी मान लववायची, हात-तोंड धुवायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. (इझुमोच्या देवळात टाळ्या चार!) तुझा पासपोर्ट कुणी बघत नाही.

पण तुला हवंय ते आपलेपण टाळ्यांनी येत नाही. इसे, मेइजी ही मोठी देवळं बघून ये जरूर, तिथे आपण पाहुणेच. घराजवळचं छोटं जिंजा, म्हणजे शिंतो देऊळ, शोध. आमच्या गल्लीतल्या जिंजात मी गिंकोची पानं झाडायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ओली पानं नुसती फरफटत होतो. एका आजोबांनी न बोलता हातातला बांबूचा खराटा घेतला, आडवा धरून दोन हात मारून दाखवले आणि परत दिला. दोन वर्षांनी मात्सुरीला, म्हणजे देवळाच्या उत्सवाला, त्यांनीच मला हाप्पी (उत्सवाचा अंगरखा) आणून दिला. मिकोशीच्या, म्हणजे खांद्यावरून मिरवायच्या देवाच्या पालखीच्या, दांड्याने खांदा आठवडाभर काळानिळा!

'हे तर आपल्या पालखीसारखंच' असं तुलाही वाटेल. वाटू दे, पण दर वेळी बोलून दाखवू नकोस, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो.

जमलं तर सैतामातल्या कोमा जिंजाला जा. कोरियातलं कोगुर्यो राज्य बुडाल्यावर जपानात आलेल्या १७९९ माणसांना सन ७१६ मध्ये त्या भागात वसवलं. त्यांचा पुढारी जाक्को आज तिथला देव आहे, आणि पुजारीपण त्याच्याच वंशाकडे. बाहेरून आलेला माणूस देवसुद्धा झाला, पण आधी तिथे घर करून राहिला.

तरी काही जणांसाठी तू कायम 'गाइजिन', म्हणजे परदेशीच राहशील. ते मनाला लावून घेऊ नकोस.

अण्णा ऑक्टोबरात गेले. मला जाता आलं नाही. सकाळी सवयीने जिंजाकडे निघालो, तर शेजारच्या बाईंनी हळूच अडवलं. घरात कुणी गेलं की पन्नास दिवस तोरी ओलांडायची नाही. सुतकच की! एरवी माझ्या चुका 'परदेशी आहे' म्हणून सोडून द्यायचे. हा नियम मात्र मलाही लावला. रस्त्यात उभा राहून मी पहिल्यांदा रडलो.

एक्कावन्नाव्या दिवशी गेलो. आजोबा म्हणाले, "पानं फार साठलीत."

तुझा,
काका