वडिलांच्या वर्षश्राद्धाला बहिणी जमतील, तेव्हाच हक्कसोडपत्राचा विषय काढावा का?

काढू नये. दोघी बहिणी त्या दिवशी येणारच आहेत, तेव्हा वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या सह्यांचेही उरकून घ्यावे, असे आपण लिहिले आहे. हाच हिशेब माझ्या थोरल्या भावाने 2014 साली केला होता आणि त्या हिशेबातली बहीण मी आहे.

बाबांच्या तेराव्याला गोडाची पंगत बसली होती. मी लाडू वाढत असताना दादाने मला मांडवाच्या कडेला बोलावले. तिथे दोन्ही काका, मामा आणि गावातली जाणती मंडळी खुर्च्यांवर बसली होती आणि मुद्रांकावर टंकलेला मजकूर तयार होता. ‘‘सही कर पोरी, माहेर राहील,’’ असे म्हणत धाकट्या काकांनी खिशातले पेन पुढे केले. हार घातलेल्या तसबिरीसमोर ‘मला विचार करू द्या’ म्हणणारी मुलगी लोभी ठरते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मी तुपाच्या बोटांनी सही केली; त्या कागदावर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग अजून आहे.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागत असल्याने तो कागद तसा बिनकामाचाच होता, आणि महिन्याभराने नोंदणीला चल म्हणून दादाचा फोन आला तेव्हा मी गेले नाही. पुढची पाच वर्षे राखी टपालाने गेली. घाई तरी कसली होती? वारसनोंदीची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसांची नावे लावण्याची, वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते हे खरे. पण तिच्यासाठी बहिणीने हक्क सोडावा लागत नाही. चारचौघांत दिलेला शब्द कोणी फिरवत नाही, असे दादा म्हणतो. मी फिरवला.

2019च्या दिवाळीनंतर आम्ही दोघेच सातबारा घेऊन शेतावर गेलो आणि विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचे पाणी पडायचे त्या कुंडीच्या काठावर, बसलो. विहिरीलगतचा एकरभर तुकडा माझ्याकडे ठेवून बाकीचे सोडायला मी तयार झाले. तासभर लागला, त्यातला निम्मा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो.

आपण मसुदा आधी पाठवावा, तो वाचायला महिनाभर द्यावा आणि एकेकीला वेगळे भेटावे. सासरची माणसे कान देऊन बसणार असतील तर तिच्या घरीही नको. अर्थात, भावंडांत आधीच शिवीगाळ झालेली असेल तर एकांत टाळून वकिलाकडे बसणेच बरे. शिवाय बहीण नाही म्हणू शकते, हे धरूनच जावे.

दादा आजही म्हणतो की थारोळ्यावर ठरले तेच मांडवात ठरले असते. मांडवात त्याने मला एकरभर दिला असता का, हे त्याने एकदा काकांसमोर सांगावे.