बॅटरी कोणती घ्यायची ते नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : मी ५७ वर्षांचा, ठाण्यात खासगी कंपनीत नोकरीला आहे. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर राजापूरजवळच्या आमच्या जागेत घर बांधून पत्नीसह तिकडेच राहायचं आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ठेवी मिळून ९० लाख हाती असतील. ठाण्याचा फ्लॅट मुलासाठी कुलूपबंद ठेवणार आहे. १,९०० चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराचा अंदाज ५२ लाख आहे. त्यावर १० किलोवॉटचं सोलर बॅटरीसह ९ लाखांत बसतं. उरलेली वीज महावितरणला विकून वर्षाला सव्वा लाख मिळतील, असं सोलरवाले सांगतात. बॅटरी लिथियमची घ्यावी की साधी? ता. क. त्या उत्पन्नाच्या भरवशावर बँकेतून वार्षिक ३ लाख हप्त्याची हमी योजना घेतली आहे. दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी ४८ लाख मिळतील. कागदपत्रं १२ दिवसांपूर्वी आली.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ता. क. मध्ये आहे. बँकेने दिलेली ही हमी योजना म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसीच, आणि ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च कापून बाकी हप्ता परत मिळतो. तुमचे १२ दिवस गेलेत. परतीचा अर्ज उद्याच विमा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेतला अधिकारी ‘थोडं थांबा, साहेबांशी बोलून सांगतो’ म्हणेल. थांबू नका.

कारण सांगतो. ३० लाख भरून पंधराव्या वर्षी ४८ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. निवृत्तांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात. ४८ लाखांचा आकडा मोठा दिसतो, पण तो हातात येईल तेव्हा तुम्ही ७२ वर्षांचे असाल. ५७ वर्षांच्या, वर्षभरात पगार थांबणाऱ्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता मारणं मला अजिबात मान्य नाही.

आता सगळं एकत्र मांडू. राजापूरपर्यंतची वाहतूक आणि पावसाळ्यात थांबणारं काम धरलं, तर ५२ लाखांचे ५८ होतात. सोलरचे ९ गेले. ९० मधून उरले २३ लाख. पॉलिसीचे अजून नऊ हप्ते म्हणजे २७ लाख. पुढचं वेगळं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. घरखर्च महिना ४० हजार धरू, पीएफचं पेन्शन पाच हजार. वर्षाला सव्वाचार लाख खर्चाला आणि तीन लाख हप्त्याला. व्याज धरूनही २३ लाख साडेतीन वर्षांत संपतात. तेव्हा तुम्ही बासष्टीला पोचलेले असाल.

सव्वा लाखाचं उत्पन्नही होणार नाही. छतावरच्या एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. १० किलोवॉटचे वर्षाला साधारण १४ हजार युनिट. नेट मीटरिंग हा विजेचा व्यापार नाही. तुमची वीज तुमच्याच वापरातून वजा होते, शिल्लक युनिट मार्चअखेरपर्यंत पुढे ओढले जातात आणि तरीही उरले, तर त्यांना घरगुती दराच्या मानाने किरकोळ भाव मिळतो. तीन रुपये धरून दहा हजार युनिट उरले, तरी ३० हजारच. शिवाय केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८ हजार आहे आणि १० किलोवॉटलाही तेवढंच.

आणि १० किलोवॉट लागतात कशाला? तुम्ही पाठवलेल्या नकाशात सपाट स्लॅब, पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत आणि चार एसी आहेत. ही ठाण्यातली खोली राजापुरात नेऊन ठेवल्यासारखी झाली. मे महिन्यात दुपारी तीनचं ऊन त्या काचेतून आत येणार, स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहणार आणि ती बाहेर काढायला तुम्ही वीज तयार करणार. कोकणात खरा त्रास घामाचा, म्हणून घरात वारा खेळायला हवा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येऊ द्या, समोरासमोर खिडक्या ठेवा. पश्चिमेला खोल पडवी काढा, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपासून दूर राहतील. भिंतींसाठी जांभा दगड तुमच्याच तालुक्यात मिळतो. छप्पर उतरतं आणि कौलारू करा, कौलांखाली माळा ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना गरम हवा बाहेर जायला झरोके. ७५ वॉटच्या साध्या पंख्याऐवजी ३० वॉटचा बीएलडीसी पंखा बसवा. एसी एकाच झोपायच्या खोलीत पुरे.

असं १,२०० चौरस फुटांचं घर ३५ लाखांत बसावं. दोन माणसांना दिवसाला आठ-नऊ युनिट पुरतात, त्याला ३ किलोवॉट भरपूर. खर्च दोन लाख, अनुदान वजा जाता सव्वा. वर्षाला ३० हजार वाचले, तरी चार वर्षांत वसूल. पॅनेल कौलांच्या दक्षिण उतारावर, छताला लागूनच बसवा. आठ फूट उंच सांगाडा उभा करू नका. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही दोन्ही वादळं कोकणाने पाहिली आहेत. माडाची सावली पॅनेलवर पडत नाही ना, तेही आधी बघा.

बॅटरीबद्दल विचारलंत. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्याला, जोडलेलं साधं सोलर वीज गेल्यावर स्वतःही बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. मोठी बॅटरी मात्र नको. दिवे-पंख्यांपुरता घरगुती इन्व्हर्टर आणि एक बॅटरी २५-३० हजारांत येते.

या हिशेबाने पॉलिसीचे परत आलेले धरून ५६ लाख शिल्लक राहतात. निवृत्तीची रक्कम मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, साठीच्या आतही चालतं. दर तीन महिन्यांनी साडेएकसष्ट हजार येतील. पाच लाख हाताशी ठेवा. उरलेल्यांतला काही भाग शेअर बाजारात गुंतवणाऱ्या इक्विटी फंडात हवाच, कारण हे पैसे तीस वर्षं पुरवायचे आहेत. कंपनीचा आरोग्य विमा सहसा निवृत्तीबरोबर संपतो, तेव्हा दोघांचा स्वतंत्र विमा याच वर्षी काढा. ठाण्याचा फ्लॅट मुलासाठी कुलूपबंद ठेवणार, असं लिहिलंय. तो भाड्याने द्या.

कंत्राटदाराला अजून पैसे देऊ नका. पॉलिसीच्या अर्जाची पोच हातात आली की मला कळवा, मग नव्या नकाशावर बोलू.