वाचकांचे प्रश्न : मोटारहोममधील प्रोपेन फर्नेस

प्रश्न : आमच्या मोटारहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, प्रोपेन गॅसवर चालणारी फर्नेस (आतली हवा तापवणारे यंत्र) आहे. थंडीत ती रात्रभर चालू ठेवून झोपणे सुरक्षित आहे का? शिवाय पहाटे तिचा पंखा फिरत राहतो, पण हवा गारच येते. अशा वेळी गॅसची शेगडी पेटवून आतली हवा तापवली तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण जिवाला धोका तिथेच आहे. शेगडीवर आतली हवा कधीही तापवू नये. फर्नेसमधली ज्योत एका बंद कक्षात असते. ज्वलनासाठी लागणारी हवा ती बाहेरून घेते, धूर बाहेरच सोडते आणि आतल्या हवेला केवळ तापलेल्या धातूच्या भिंतीतून उष्णता मिळते. शेगडीला असा आडपडदा नसतो. ती तुमच्याच श्वासातला ऑक्सिजन वापरते आणि तो कमी पडू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला रंग वा वास नसल्यामुळे झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

पहाटेच्या तक्रारीचे मूळ बहुधा गॅसमध्ये नसून बॅटरीत असावे. पंखा पुरेशा वेगाने फिरून हवेच्या झोताने एक छोटी पाती दाबली गेली, तरच गॅसची झडप उघडते; या पातीला सेल स्विच म्हणतात. रात्रभर पंखा चालवून १२ व्होल्टची बॅटरी १०.५ व्होल्टच्या आसपास उतरली की पंखा फिरताना दिसतो खरा, पण पाती दाबण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. ही बिघाडाची नव्हे, सुरक्षेची खूण आहे, त्यामुळे ती पाती वगळून तारा थेट जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. बॅटरी भरलेली असूनही असे घडले तर सिलिंडरमध्ये गॅस आहे ना ते पाहा. अनेक फर्नेस तीन प्रयत्नांत पेटल्या नाहीत तर स्वतःहून थांबतात. थर्मोस्टॅट (तापमानानुसार फर्नेस आपोआप चालू-बंद करणारे नियंत्रक) पुन्हा पुन्हा बंद-चालू करून त्यांना चाळवत बसण्यापेक्षा जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे.

आता रात्रभर चालू ठेवण्याविषयी. फर्नेस सुस्थितीत असेल तर हरकत नाही. ती त्यासाठीच बनवलेली असते. मात्र ज्योत आणि तुम्ही यांच्यामधली ती धातूची भिंत जुनी होऊन तडकली, किंवा बाहेरचे धुराचे तोंड बर्फाने, पालापाचोळ्याने अथवा गांधीलमाशीच्या मातीच्या घराने बुजले, तर वर सांगितलेला आडपडदा राहत नाही. म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ते तोंड बाहेरून तपासावे. त्याभोवती काजळी दिसली तर ज्वलन नीट होत नाही असे समजून तपासणी होईपर्यंत फर्नेस वापरू नये. फर्नेसची हवा ये-जा करते त्या आतल्या जाळ्यांसमोर पांघरुणे किंवा पिशव्या रचू नयेत. जागा अपुरी असल्याने ही चूक फार जणांकडून होते.

कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या जागेजवळ असावा, गॅसगळतीचा मात्र जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असून गळल्यास तळाशी साचतो. दोन्ही उपकरणांना ठरावीक आयुष्य असते. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला संवेदक शाबूत आहे असे होत नाही, तेव्हा पाठीवर छापलेली मुदत वाचून ती बदलावीत. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका; सर्वांना बाहेर काढा, जाताना दार उघडे ठेवा आणि सिलिंडरची झडप बाहेरून बंद करा. सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर गजर वाजलेला नसला तरी आत परतू नका व वैद्यकीय मदत घ्या.

इंधन भरण्यास थांबण्यापूर्वी फर्नेस बंद करून सिलिंडरची झडपही बंद करावी. फर्नेसची ठिणगी थर्मोस्टॅटच्या मर्जीने पडते, तुमच्या नव्हे.