कोंबडीचा फ्लू आणि माणसांची महासाथ

प्रश्न : आमच्या नवापूर भागात २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसं मात्र धडधाकट राहिली. मग दर वेळी एवढी धास्ती कशासाठी? पोल्ट्रीवाल्यांनी नेमकं काय सांभाळायचं?

उत्तर : फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटून आत शिरतो. या आम्लाची जोडणी पक्ष्यांत एक तऱ्हेची आणि माणसाच्या नाक-घशात दुसऱ्या तऱ्हेची असते. त्यामुळे कोंबडीचा विषाणू आपल्या नाकात सहसा रुजत नाही. फुफ्फुसात खोलवर मात्र पक्ष्यांसारखी जोडणी सापडते. विषाणू तिथवर पोचला तर न्यूमोनिया जिवावर बेततो, पण खोकल्यातून तो पुढच्याला लागणं कठीण. २००३पासून एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू जगभरात नऊशेहून अधिक माणसांना झाला, त्या माणसांतली जवळपास निम्मी दगावली, तरी महासाथ आली नाही.

खरी भीती पुढची आहे. या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांवर असतात. पक्ष्याचा आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत शिरले, तर नवे विषाणू तयार होताना तुकड्यांची सरमिसळ होते. १९५७च्या एशियन फ्लूत तीन तुकडे पक्ष्यांकडचे होते आणि पाच जुन्या मानवी विषाणूचे. १९६८च्या हाँगकाँग फ्लूत पक्ष्यांकडचे दोनच होते, पण त्यात बाहेरच्या आवरणावरचं एच प्रथिन होतं. तेवढं पुरलं. पसरण्याची हातोटी माणसांच्या विषाणूची आणि वरचं प्रथिन कुणाच्याच प्रतिकारशक्तीने न पाहिलेलं! डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही तऱ्हेच्या जोडण्या असतात, म्हणून तिथे ही सरमिसळ सहज होते. २००९चा स्वाइन फ्लू डुकरांतूनच आला.

तेव्हा कोंबड्या, बदकं आणि डुकरं एका आवारात ठेवू नका. पाण्याची भांडी झाकलेली हवीत, कारण रानपाखरांची विष्ठा पाण्यात पडली की तिच्यातून विषाणू येऊ शकतो. एकदम मरतूक सुरू झाली तर मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, सोलू तर मुळीच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. त्यानंतर दहा दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आधी सांगा, कारण ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि दरवर्षीची फ्लूची लस घ्याच. ती बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. पण दोन विषाणू तुमच्या एकाच शरीरात भेटण्याची शक्यता कमी करते. हे मुद्दाम लिहितो, कारण पोल्ट्रीवर ही लस बहुतेकांना बिनकामाची वाटते.

प्रश्न : १९१८ साली विमानप्रवास नव्हता, तरी फ्लूची साथ गावोगाव कशी पोचली?

उत्तर : पहिल्या महायुद्धाच्या जहाजांनी आणि आगगाडीने. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. जूनची लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची भयंकर निघाली, त्यात पाऊस दगा देऊन गेलेला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यांत विशी ते चाळिशीतली फार. एका रोग्यापासून दुसरा आजारी पडायला सरासरी तीनच दिवस लागतात. शिवाय ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस विषाणू सोडू लागतो. म्हणून तेव्हा स्टेशनावर प्रवाशांची नाडी पाहून किंवा २००९ साली विमानतळावर ताप मोजून साथ थोपवता येण्यासारखी नव्हती. ज्यांना अडवायचं, ते त्या घडीला ठणठणीत दिसत होते.